मागितले तरी देऊ नका

माझे वडील कराडच्या बाजारपेठेत एकोणतीस वर्षं पिग्मी गोळा करत होते. खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, कार्बन, दोन पेनं आणि एक पेन्सिल. सगळा बाजार त्यांना ‘पिग्मीवाले काका’ म्हणायचा, खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यांचा रोजचा रस्ता ठरलेला, पण बघणाऱ्याला तो वेड्यासारखा वाटावा असा. सकाळी दहाला मंडईतल्या फुलवाल्या मावशी, तिथून मधली चार दुकानं सोडून थेट बसस्थानक, मग पुन्हा मागे. भांड्यांच्या दुकानात दुपारी चार. वडापावच्या गाड्यावर रात्री सव्वाआठ. शेजारशेजारच्या दोन गाळ्यांत ते तीन-तीन तासांच्या अंतरानं जायचे.

मी शाळेत असताना एकदा विचारलं, एका फेरीत सगळं का उरकत नाही? ते म्हणाले, ‘पैसा गल्ल्यात पडल्यावर जायचं, आणि गल्ल्यातून निघायच्या आत जायचं.’ मावशींची पूजेच्या फुलांची विक्री दहाला ओसरायची आणि अकराला उधारीवर फुलं देणारा वसुलीला यायचा. वडापाववाल्याचा गल्ला आठला भरलेला असायचा, आणि नऊला गाडा बंद करून तो ज्या वाटेनं घरी जायचा त्या वाटेवर देशी दारूचं दुकान होतं. सव्वाआठ ते नऊ एवढीच फट. वडील त्या फटीत पोचायचे.

मी गेली बावीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आजचा छोटा लाभ आणि उद्याचा मोठा लाभ यांत माणसाचा मेंदू निवड कशी करतो, हा धडा दर वर्षी येतो. पाठ्यपुस्तकात तो लहान मुलं आणि मिठाई यांच्यापासून सुरू होतो. मी मात्र त्या पाऊण तासाच्या फटीपासून सुरुवात करते. या विषयातलं निम्मं शास्त्र तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते माझ्या वडिलांना चालून चालून कळलेलं होतं.

पिग्मी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो मूळचा कुठला हे कुणी विचारत नाही. 1925 साली उडुपीत टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानशी बँक काढली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. 1928 मध्ये या बँकेनं एक योजना सुरू केली: बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आण्यांइतकी लहान रक्कमही घेऊन जाणार. ठेव इवलीशी, म्हणून नाव पिग्मी. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी ही पद्धत उचलली. आज कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे पिग्मी भरणारा एकही माणूस नाही असा बाजार सापडणं कठीण आहे.

व्याजाच्या हिशेबानं पाहिलं तर पिग्मी भरणं शहाणपणाचं नाही. मी कॉलेजात होते तेव्हा बँकेच्या मुदत ठेवीवर दहा टक्क्यांच्या वर व्याज मिळायचं आणि पिग्मीवर त्याच्या निम्मंही नाही. सहा महिन्यांच्या आत खातं मोडलं तर व्याज शून्य, वर एजंटाचं कमिशन कापून घेतलं जायचं. तरी लोक भरायचे. माझ्या एका प्राध्यापकांनी याला अडाणीपणा म्हटलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. का, ते सांगण्यासाठी थोडं गणित करावं लागेल.

समजा, तुम्हाला कुणी विचारलं: आज पाचशे रुपये घेता, की दहा दिवसांनी सहाशे? बरेच जण आजचे पाचशे घेतील. आता तोच प्रश्न जरा लांब ढकलू. साठ दिवसांनी पाचशे, की सत्तर दिवसांनी सहाशे? इथे बहुतेकांना वाटतं, साठ दिवस थांबायचंच आहे तर आणखी दहा दिवसांनी काय बिघडतं? दोन्ही प्रश्नांत अंतर दहाच दिवसांचं आणि जादाचे रुपयेही शंभरच. उत्तर मात्र उलटं.

अर्थशास्त्रज्ञांनी बराच काळ असं धरलं होतं की माणूस भविष्यातल्या रकमेची किंमत चक्रवाढ व्याज उलटं चालवल्यासारखी कमी करतो, म्हणजे दर दिवसाला ठरावीक टक्के. पॉल सॅम्युएल्सन यांनी 1937 मध्ये हा हिशेब मांडला. पण तो खरा असता तर पाचशे-सहाशेचं उत्तर असं फिरलंच नसतं. पुढे कबुतरांवर प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना दिसलं की जिवंत प्राण्याच्या मनातली घसरण वेगळ्या वळणाची असते. ती आधी कड्यासारखी कोसळते आणि मग पठारासारखी सपाट होत जाते. जेम्स मेझर यांनी 1987 मध्ये तिचं अगदी साधं सूत्र दिलं: मिळणारी रक्कम भागिले एक अधिक (अधीरपणाचा आकडा गुणिले दिवस). अधीरपणाचा आकडा दिवसाला 0.05 धरा. दहा दिवसांनंतरच्या सहाशेची किंमत आज मनात चारशे, आणि समोर रोख पाचशे. अर्थात पाचशे जिंकतात. आता दोन्ही रकमा साठ दिवस पुढे न्या. पाचशेची किंमत 125 होते आणि सहाशेची 133. सहाशे जिंकतात. माणूस तोच, आकडा तोच, फक्त तो कुठे उभा आहे ते बदललं.

म्हणजे लांबून पाहताना आपण सगळेच शहाणे असतो. पाडव्याला वडापाववाल्यालाही मनापासून वाटतं की दिवाळीपर्यंत पैसे साठवावेत. त्याचा तो निश्चय खोटा नसतो. रात्री नऊला दुकानाच्या दारात उभा असतो तोही तोच माणूस, फक्त कड्याच्या टोकावर आलेला. सकाळी केलेला हिशेब तिथे लागू पडत नाही. मेंदू आता जवळून पाहत असतो.

जॉर्ज एन्स्ली यांच्या 1974 च्या प्रयोगातली कबुतरं मला म्हणूनच फार आवडतात. पिंजऱ्यात एक कळ उजळायची. तिच्यावर चोच मारली की थोडं धान्य लगेच मिळायचं. चोच मारायचं टाळलं तर जास्त धान्य, पण काही सेकंदांनी. कबुतरं बहुतेक वेळा, शंभरात पंच्याण्णवहून अधिक वेळा, चोच मारून मोकळी व्हायची. मग एन्स्लींनी आणखी एक सोय ठेवली. मोह समोर येण्याच्या थोडं आधी दुसऱ्या रंगाची कळ उजळायची. तिच्यावर चोच मारली तर मोहाची कळ उजळतच नसे. दहापैकी तीन कबुतरं ती आधीची कळ नेमानं दाबायला शिकली. स्वतःचा पुढचा रस्ता स्वतःच बंद करायला. कबुतरं!

वडापाववाल्यानं खातं उघडलं त्या दिवशी वडिलांना काय सांगितलं ते मी वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. तो म्हणाला, ‘काका, रोज वीस रुपये घ्या. आन् मधी कधी मी मागितले तरी देऊ नका. भांडलो तरी देऊ नका.’ नियमानं वडिलांना पैसे अडवता येत नव्हते. खातं त्याचं, त्यानं संस्थेत जाऊन अर्ज केला की मोडायचं. पण वडील त्याला म्हणाले, ‘अर्ज सकाळी अकरानंतर करायचा. रात्री माझ्याकडं मागायचं नाही.’ एवढ्यावर दोघांचं ठरलं. त्यानं तीनदा मागितले, तिन्ही वेळा रात्री. सकाळी अकराला तो एकदाही गेला नाही.

पुस्तकी भाषेत याला आगाऊ बांधून घेणं म्हणतात. फिलिपीन्समध्ये नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका ग्रामीण बँकेच्या खातेदारांना कुलूपबंद खातं देऊ केलं: ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. व्याज साध्या खात्याएवढंच. त्यांच्या 2006 च्या निबंधानुसार, ज्यांच्यापुढे हे खातं ठेवलं त्यांतल्या 28 टक्के लोकांनी ते घेतलं. मला विशेष वाटतं ते पुढचं. आधी विचारलेल्या ‘आज की उद्या’ अशा प्रश्नांना ज्या बायकांनी दिलेल्या उत्तरांत आजची ओढ जास्त दिसली होती, त्यांनीच हे कुलूप जास्त मागून घेतलं. आपला हात कुठे सैल सुटतो हे त्यांना ठाऊक होतं. असल्या माणसाला अडाणी कसं म्हणायचं?

आणि पदरचे पैसे देऊन साठवणारे लोकही आहेत. स्टुअर्ट रदरफर्ड यांनी आंध्रातल्या विजयवाड्याच्या झोपडपट्टीत घरोघर फिरून पैसे गोळा करणाऱ्या एका बाईचा हिशेब लिहून ठेवलाय. कार्डावर 220 चौकोन, दर चौकोनाला पाच रुपये. सगळे चौकोन भरले की अकराशे होतात. बाई परत देते हजार. शंभर रुपये तिची मजुरी. वर्षाच्या दरानं मोजलं तर ठेवीदार जवळजवळ तीस टक्के उणं व्याज घेतात. वरवर पाहिलं तर हा तोटा. पण घरात पाच-पाच रुपये राहिले असते तर 220 दिवसांनी किती उरले असते? त्या बायकांनी उत्तर ‘शून्य’ धरलं होतं, आणि शून्यापेक्षा हजार मोठे.

आपल्याकडची लिलावाची भिशी याच गणिताचा दुसरा चेहरा. वीस जणांनी हजार हजार टाकले, वीस हजार जमले. ज्याला आज नड आहे तो बोली लावतो: मला साडेसोळाच द्या, वरचे साडेतीन हजार बाकीच्यांनी वाटून घ्या. अधीरपणाचा आकडा उघड्यावर, चहा पिता पिता ठरतो. माझ्या आईच्या भिशीत पहिल्या महिन्यांत बोली मोठी लागायची आणि शेवटाकडे उतरत जायची.

आता मेंदूच्या आत जाऊ. 2004 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात सॅम्युएल मॅक्क्लुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून अशा निवडी करायला लावल्या: खरेदीच्या कुपनाची थोडी रक्कम आज, की जास्त रक्कम काही आठवड्यांनी? ‘आज’ हा पर्याय समोर असला की स्ट्रायटमच्या खालच्या भागात आणि कपाळामागच्या मधल्या पट्टीत हालचाल वाढायची. मेंदूतला हा भाग सुखाच्या, बक्षिसाच्या बातमीला उसळून दाद देतो. कपाळामागचे बाजूचे भाग आणि मागचा पार्श्वखंड मात्र कुठलीही निवड असो, काम करत राहायचे. आणि माणूस उशिराची रक्कम निवडायचा तेव्हा त्यांचा जोर तुलनेनं जास्त असायचा. त्यावरून चित्र असं तयार झालं की मेंदूत दोन माणसं आहेत, एक हावरं आणि एक शहाणं, आणि त्यांची कायम ओढाताण चाललेली असते. हे चित्र लोकांना फार आवडलं. वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून तेच सांगितलं जातं.

तीन वर्षांनी जोसेफ केबल आणि पॉल ग्लिमचर यांनी न्यूयॉर्कमध्ये वेगळं काही मोजलं. समोर एका बाजूला कायम आजचे वीस डॉलर, दुसऱ्या बाजूला काही तासांपासून सहा महिन्यांपर्यंत उशिरानं मिळणारी वेगवेगळी मोठी रक्कम. प्रत्येक माणसाचा अधीरपणाचा आकडा त्यांनी आधी त्याच्या निवडींवरून काढला. मग दिसलं की स्ट्रायटमचा तोच भाग आणि कपाळामागची तीच मधली पट्टी उशिराच्या रकमेलाही दाद देते, त्या माणसाच्या मनात तिची जेवढी किंमत असेल तेवढी. म्हणजे तराजू एकच आहे. आजचा लाभ आणि उद्याचा लाभ एकाच काट्यावर तोलले जातात, फक्त उद्याचं वजन अंतरानं हलकं होऊन पारड्यात येतं.

मला हे दुसरं चित्र जास्त खरं वाटतं, आणि त्याचं एक कारण बाजार आहे. वडापाववाल्याच्या आत कुणी राक्षस बसलेला नव्हता. त्याच्या पारड्यात दिवाळी फार हलकी पडत होती, एवढंच. हे हलकं होणं अगदी खालच्या पातळीपासून सुरू होतं. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींचे ठोके मोजले. फळाचा रस मिळणार अशी खूण पडद्यावर दिसली की या पेशी तडतडायच्या. 2008 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी कोबायाशी यांनी दाखवलं की रस जितका उशिरा मिळणार, तितका खुणेवरचा हा तडतडाट कमी. घसरणीचं वळणही तेच, आधी कडा आणि मग पठार. अंतर केवळ काही सेकंदांचं होतं.

कपाळामागच्या बाजूच्या भागाचं काम 2010 मधल्या एका प्रयोगानं छान दाखवलं. बर्न्ड फिग्नर आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय लहरींनी डाव्या बाजूचा तो भाग थोडा वेळ मंद केला. लोक लगेचची रक्कम जास्त वेळा घेऊ लागले. पण कुठलं बक्षीस किती आवडतं असं विचारलं तर उत्तर बदललेलं नव्हतं. किंमत तीच कळत होती, हात मात्र आजच्याकडे जात होता. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. कळतं पण वळत नाही, ही आपल्या घरोघरची तक्रार. तिला मेंदूत एक जागा सापडते.

हा भाग दमतो, दारूनं मंद होतो, झोप कमी पडली की ढिला होतो, आणि माणूस वयात आल्यावरही विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. रात्री नऊची वेळ, चौदा तासांचं उभं काम, भट्टीपुढचा घाम. वडील सव्वाआठला जायचे ते यासाठी.

पण मला आज खरं सांगायचंय ते पेन्सिलीबद्दल.

1997 च्या जुलैत पावसात पाय घसरून वडिलांच्या घोट्याचं हाड मोडलं. अकरा आठवडे त्यांची फेरी मी केली. मी विशीची, मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. पिशवी हातात देताना त्यांनी मला खातेदारांची वेळ लिहून दिली आणि त्यांच्या पिग्मी कार्डांच्या मागे पेन्सिलीनं काय लिहिलंय ते वाचत जा म्हणून सांगितलं. प्रत्येक कार्डामागे एकच शब्द होता. ‘पत्रे.’ ‘लग्न.’ ‘काशी.’ ‘शिलाई मशीन.’ फुलवाल्या मावशींच्या कार्डामागे ‘सायकल’. त्यांची मुलगी आठवीत गेली होती आणि शाळा तीन किलोमीटर लांब. सोळाशेची लेडीज सायकल, पाडव्यापासून रोज दहा रुपये, दसऱ्याला खातं मोडायचं. मधे सणाचे, आजारपणाचे खाडे धरलेले.

वडील दहा रुपये घ्यायचे, पावती फाडायचे आणि म्हणायचे, ‘मावशी, पुढचं चाक झालं.’ त्यांनी सायकलीचे भाग पाडून मनाशी किमती लावल्या होत्या. सांगाडा इतक्याचा, चाकं इतक्याची, मग हँडल, चेन, सीट. तीनशे जमले की अमुक, चारशेला तमुक. पत्र्यांसाठी साठवणाऱ्याला सांगायचे, ‘स्वयंपाकघरावर आले, आता सोप्यावर राहिले.’ मला हे पोरकट वाटायचं. मी पहिले काही दिवस नुसती रक्कम सांगितली: ‘मावशी, आठशे साठ झाले.’ मावशी ‘बरं’ म्हणायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘आज राहू दे, उद्या दोन्ही घे.’ उद्या दोन्ही मिळाले नाहीत.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘काय झालं ते सांगितलंस का त्यांना?’ मी म्हटलं, आठशे साठ. ते म्हणाले, ‘आठशे साठ रुपये कुणी डोळ्यांपुढं आणू शकतं का? मागचं चाक झालं म्हणून सांग.’

तेरा वर्षांनी, 2010 मध्ये, यान पीटर्स आणि क्रिस्टियान ब्यूखेल यांचा निबंध वाचताना मी उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या. जर्मनीतल्या त्या प्रयोगात लोकांना आधी विचारलं होतं, येत्या काही महिन्यांत तुमचं काय काय ठरलंय? मग एमआरआयमध्ये उशिराची रक्कम दाखवताना कधी नुसते आकडे दाखवले, तर कधी त्या दिवसाच्या आसपासचा त्यांचा स्वतःचा ठरलेला कार्यक्रम एका शब्दात शेजारी लिहिला. शब्द शेजारी असला की लोक जास्त वेळा थांबणं पसंत करत. जो माणूस तो प्रसंग जितका स्पष्ट डोळ्यांपुढे आणू शकत होता, तितका तो जास्त थांबे. मेंदूत कपाळामागची पट्टी आणि हिप्पोकॅम्पस यांच्यातलं बोलणं वाढलेलं दिसलं. हिप्पोकॅम्पसला आपण आठवणींचं कोठार म्हणतो, पण पुढचं चित्र रंगवायलाही मेंदू तेच कोठार उघडतो. न झालेली दिवाळी आपण झालेल्या दिवाळ्यांच्या तुकड्यांतून उभी करतो.

कार्डामागे पेन्सिलीनं लिहिलेला एक शब्द हेच काम करत होता. शिवाय वडिलांच्या युक्तीत आणखी एक गोष्ट होती, जी त्या प्रयोगात नव्हती. सहा महिन्यांच्या अंतराचे त्यांनी आठ-दहा तुकडे केले होते. सायकल लांब होती. पुढचं चाक मात्र पंधरा दिवसांवर होतं. कड्याच्या वळणावर पंधरा दिवस आणि सहा महिने यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं, हे वर सूत्रात आलंच आहे.

तरी एक अट राहते. ती सुटली की बाकी सगळं निरर्थक होतं. थांबल्यावर खरंच मिळणार का?

मी नोकरीला लागले त्याच सुमारास आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली. वडिलांची नव्हे, दुसरी. दारावर नोटीस लागली, बाहेर पासबुकं हातात घेऊन माणसं उभी. त्यांत वडिलांचे ओळखीचे कितीतरी. त्या महिन्यात वडिलांच्याही निम्म्या खातेदारांनी भरणं थांबवलं. त्यांची संस्था धड होती, त्यांनी कुणाचा एक रुपया कधी बुडवला नव्हता, तरीही. एका चहावाल्यानं मोडलेल्या खात्याचे पैसे मोजून घेतले आणि त्याच संध्याकाळी मोठा टीव्ही आणला. घरच्यांनी त्याला उधळ्या म्हटलं. मला आजही वाटतं, त्याच्या जागी तो हिशेब बरोबर होता. टीव्ही समोर होता. तो कुणी कुलूप लावून पळवणार नव्हतं.

पाठ्यपुस्तकातल्या मुलांकडे आता यायला हवं. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत साठच्या दशकाच्या शेवटी चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे मार्शमेलोसारखा एक खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. पुढे या मुलांचा माग काढला तेव्हा जास्त थांबलेली मुलं शाळेतल्या परीक्षांत पुढे दिसली. त्यावरून जगभर समज पसरला की संयम हा गुण माणसात असतो किंवा नसतो, आणि ज्याच्यात असतो तो पुढे जातो. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांवर पुन्हा तपासलं. मुलाचं घर, आईचं शिक्षण, लहानपणीची इतर कौशल्यं हिशेबात धरली की तो संबंध बराचसा विरून गेला.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो सेलेस्ट किड यांचा 2013 चा छोटासा प्रयोग. किड यांनी कॅलिफोर्नियात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथलं मूल मार्शमेलोपुढे काय करेल, हा प्रश्न त्यांच्या मनात तिथे आला. रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी 28 मुलं घेतली. आधी मुलांना चित्र रंगवायला मोडकेतोडके खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर छान नवे आणून देते. निम्म्या मुलांना ते आणून दिले. निम्म्यांना येऊन सांगितलं, अगं, नाहीच आहेत आपल्याकडे. मग मार्शमेलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांची फसगत झाली होती ती तीन मिनिटं. पहिल्या चौदांतली नऊ मुलं पूर्ण पंधरा मिनिटं थांबली, दुसऱ्या चौदांतलं एक.

चार वर्षांच्या पोरांना एवढ्याशा अनुभवातून कळलं की इथे थांबण्यात अर्थ आहे की नाही. ज्या माणसाला उसाचं बिल कधी येईल ठाऊक नाही, मजुरी आठवड्याला मिळेल की महिन्याला ठाऊक नाही, ज्याच्या बापाची ठेव बुडालेली आहे, त्यानं आजचे पाचशे घेतले तर त्याच्या मेंदूत बिघाड शोधायचं कारण नाही. त्याचा मेंदू नोंद ठेवतोय. गरिबाला बचत कळत नाही असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की मला अजून राग येतो. उलट विश्वास बसला की तीच माणसं कशी थांबतात ते आमच्या भागातल्या दूध उत्पादकांकडे बघा. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालतात आणि पैसे दहा दिवसांनी एकदम घेतात. त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात. केनियातल्या दूध उत्पादकांचा अभ्यास लोरेन्झो कासाबुरी आणि रोक्को माक्कियावेल्लो यांनी केलाय. बाजारात रोख आणि जास्त भाव मिळत असताना तिथले शेतकरी सहकारी संस्थेला कमी भावानं दूध घालतात, कारण संस्था महिन्याचे पैसे साठवून एकदम देते. कुणीतरी आपल्यासाठी पैसे धरून ठेवावेत याची किंमत ते रोज मोजतात.

वडापाववाल्याच्या गाड्यावर आता त्याचा मुलगा उभा असतो. गल्ला जवळजवळ रिकामा, पैसे येतात ते डब्यातून बोलतात आणि थेट खात्यात जातात. खात्यातून आपोआप कापून घेणारी ठेव त्यानं मोबाइलवर सुरू केलीय आणि ती चांगली चाललीय. त्याच मोबाइलवर त्याला दोन मिनिटांत कर्ज देणारी तीन अ‍ॅप्सही आहेत. माझ्या वर्गातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं त्यांतून हप्त्यानं फोन घेतात. ज्यांच्या कपाळामागचा भाग अजून पक्का व्हायचाय त्यांना रात्री बारा वाजता एका बोटात कर्ज मिळतं. बाराला का मिळावं? सकाळी अकरानंतर का नाही? हा प्रश्न मी बँकांच्या लोकांना अनेकदा विचारलाय आणि विचारत राहणार आहे.

सप्टेंबर संपताना वडील काठी घेऊन उभे राहिले आणि माझी फेरी संपली. शेवटच्या दिवशी दहाला मी मंडईत गेले. मावशी शेवंतीचे हार ओवत होत्या. पंधराशे चाळीस झाले होते. मी पावती लिहिली, कार्बन काढला.

‘काय झालं गं आज?’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं, ‘सीट झाली, मावशी.’

‘सीट शनिवारीच झाली,’ त्या म्हणाल्या. ‘कॅरिअर आलं काल. तुझ्या बापाला विचार.’ मग ओच्यातून फुलांच्या पाण्यानं भिजलेली दहाची नोट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ‘आता घंटी राहिली.’